मुलीला छोट्या कॉलेजांच्या बास्केटबॉल कोचचे ईमेल येतायत, त्यात खरं किती धरायचं?

ओहायोवासी_आई:

नमस्कार मंडळी. आम्ही कोलंबसजवळ राहतो. मुलगी अकरावीत आहे, २०२७ ला तिचं हायस्कूल संपेल. शाळेच्या मुख्य (व्हर्सिटी) संघात पॉइंट गार्ड आहे, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारी; उंची ५ फूट ६ इंच, उन्हाळ्यात एएयूच्या, म्हणजे शाळेबाहेरच्या क्लब स्पर्धांतल्या, एका संघाकडून खेळते. ओहायो स्टेटसारख्या मोठ्या विद्यापीठाच्या संघात बसेल अशी ती नाही, हे तिलाही माहीत आहे आणि आम्हालाही. पण पास देण्याची तिची नजर फार चांगली आहे असं तिच्या शाळेचे कोच सांगतात. आणि मुख्य म्हणजे तिला खेळ सोडायचा नाहीये.

शाळेचा सीझन संपल्यापासून छोट्या कॉलेजांच्या कोचचे ईमेल यायला लागलेत. बहुतेक सगळी डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेज खेळांच्या तीन विभागांपैकी तिसऱ्यातली, जिथे खेळावर स्कॉलरशिप नसते. काही ईमेल असे, की तिचं नाव काढून दुसऱ्या कुणाचं घातलं तरी चालेल. एका कॉलेजाने कॅम्पला बोलावलंय, फी आपणच भरायची. एका ठिकाणची असिस्टंट कोच मात्र तिच्याशी फोनवर बराच वेळ बोलली. फेब्रुवारीतल्या एका सामन्यात शेवटच्या दोन मिनिटांत हिने काय काय केलं ते त्या बाईंना नीट आठवत होतं. त्या दिवसापासून पोरगी हवेत आहे.

घरात मात्र एकमत नाही. नवऱ्याचं म्हणणं, स्कॉलरशिप नाही तर एवढा आटापिटा कशासाठी? सांगलीहून सासरे विचारतात की आपल्याकडे खेळाडूंना रेल्वेत घेतात किंवा दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, तसं काही पदरात पडणार आहे का. प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे उत्तर नाही. मी स्वतः शाळेत खो-खो खेळायचे, दहावीचं वर्ष आलं आणि ते बंद झालं. तिचं तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. तिला पुढे बायॉलॉजी घ्यायचंय, म्हणजे अभ्यासही हलका नसणार.

यातले खरे ईमेल कुठले आणि घाऊक पाठवलेले कुठले, हे कसं ओळखायचं? पैसे देता येत नसतील तर कोच ‘हवी आहेस’ म्हणते त्याचा उपयोग नक्की काय? आणि एका रिक्रूटिंग सर्व्हिसवाल्यांचा (पैसे घेऊन मुलांची नावं कोचपर्यंत पोहोचवणारे) फोन आला होता, काही हजार डॉलर मागतायत, नाहीतर ‘फार उशीर होईल’ म्हणतात. घ्यावी का? कुणाची मुलं यातून गेली असतील तर कृपया सविस्तर लिहा.

डेटनकर:

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ओहायोत राहून ओहायो स्टेटला गेली तर राहण्या-जेवणासकट वर्षाला ३०,००० डॉलरच्या आसपास खर्च येतो. केनयन, ओबर्लिन, डेनिसन या आपल्याच राज्यातल्या छोट्या खाजगी कॉलेजांचा आकडा ८०,००० च्या पुढे आहे. चार वर्षांचा फरक मांडून बघा. तोही अशा खेळासाठी, ज्यातून पुढे करिअर होणार नाही. ओहायो स्टेटमध्ये इंट्राम्युरल, म्हणजे विद्यार्थ्यांचे आपापसातले सामने, खेळता येतातच की. मुलीचा आनंद मला कळतो, पण आधी हिशोब करा असं माझं प्रामाणिक मत.

नाशिककर_इंडियाना:

ताई, माझी लेक डी-थ्री कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, तीही गार्डच. त्यामुळे हा रस्ता आमच्या पायाखालचा आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, संघ पंधरा-सोळा जणींचा असतो, लगेच ओळखू येईल.

आधी पैशाचं. डेटनकरांनी दिलेला आकडा बरोबर आहे, पण ती छापील किंमत झाली. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी एक डॉलरही देता येत नाही, हा नियमच आहे. खेळाडूंना इतर विद्यार्थ्यांपेक्षा झुकतं माप दिलेलं नाही याचा हिशोबही कॉलेजांना दरवर्षी एनसीएएला, म्हणजे हे तीन विभाग चालवणाऱ्या संघटनेला, द्यावा लागतो. मात्र अभ्यासावरची मेरिट स्कॉलरशिप आणि घरच्या उत्पन्नावरची नीड-बेस्ड मदत सगळ्यांना मिळते, तशीच खेळाडूंनाही मिळते. डेनिसन, वूस्टर ही कॉलेजं मेरिटवर पैसे देतात. विल्यम्स, ॲमहर्स्ट, बोडन देत नाहीत, तिथे फक्त उत्पन्न बघतात. त्यामुळे तुमच्या घराला कुठलं कॉलेज कितीला पडेल ते प्रत्येकाचं वेगळं काढावं लागतं. २०११ पासून प्रत्येक कॉलेजला आपल्या वेबसाइटवर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. एका रविवारी नवऱ्याला शेजारी बसवा, टॅक्स रिटर्न समोर ठेवा आणि यादीतल्या सगळ्या कॉलेजांचे आकडे काढा. आमच्या घरातला वाद त्याच दिवशी निम्म्यावर आला. कधी कधी ओहायो स्टेटच स्वस्त पडेल, आणि तसं असेल तर ते आत्ता एप्रिलमध्येच कळलेलं बरं.

आजोबांना सांगा की एमआयटी, कॅलटेक, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, कार्नेगी मेलन, एनवाययू, एमरी, तुमच्या क्लीव्हलंडचं केस वेस्टर्न, हे सगळे डिव्हिजन थ्रीच आहेत. चारशेच्या वर कॉलेजं आहेत या विभागात. ‘थ्री’ म्हणजे तिसऱ्या दर्जाचं असं आपल्या लोकांना वाटतं, तो गैरसमज आधी काढायला हवा. खेळही साधा नाही. एनवाययूच्या मुली २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेत्या ठरल्या. आमच्या इंडियानात ग्रीनकॅसल नावाच्या छोट्या गावात डीपॉ युनिव्हर्सिटी आहे, तिथल्या मुलींनी २०१३ ला ३४ पैकी ३४ सामने जिंकून अजिंक्यपद घेतलं. हायस्कूलमध्ये बास्केटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलींपैकी जेमतेम चार-पाच जणी पुढे एनसीएएच्या कुठल्याही विभागात खेळतात, आणि त्यात डी-थ्रीसुद्धा धरलेलं आहे.

हल्ली तर ही स्पर्धा आणखी वाढली आहे. २०२१ पासून खेळाडूंना एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलता येऊ लागलं. त्यामुळे डी-वन आणि डी-टूचे कोच हायस्कूलमधली सतरा वर्षांची मुलगी घेऊन घडवण्यापेक्षा ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्यांच्या यादीतून) एकवीस वर्षांची तयार खेळाडू घेतात. पाच-सहा वर्षांपूर्वी ज्या मुली डी-टूला गेल्या असत्या त्या आता डी-थ्रीच्या कोचच्या यादीत असतात. तुमच्या लेकीची तुलना त्यांच्याशी होणार आहे, हे मनात धरून चाला.

आता तुमचा मुख्य प्रश्न. माझं सगळं सांगणं एका वाक्यात आहे: कोच काय बोलतो ते ऐकून घ्या, पण तो काय मागतो ते बघा.

प्रश्नावली भरायला सांगणं, कॅम्पला बोलावणं, हे शेकडो मुलींना जातं. कॅम्पच्या फीमधून संघाचा खर्च निघतो, त्यात गैर काही नाही, पण बोलावणं आलं म्हणजे निवड झाली असं मुळीच नाही. एखाद्या सामन्यातली नेमकी गोष्ट कोचला आठवत असेल, तर तिने तो सामना किंवा त्याचा व्हिडिओ खरोखर पाहिलाय. तुमची ती असिस्टंट कोच या गटातली, म्हणजे पोरगी उगाच हवेत नाहीये. पण खरा टप्पा त्याच्या पुढे आहे. कोच ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शाळेची गुणपत्रिका, मागते का? एसएटी या प्रवेश परीक्षेचे मार्क, बारावीत घेणार असलेले विषय विचारते का? ती कागदपत्रं ॲडमिशन ऑफिसला दाखवते का? याला प्री-रीड म्हणतात. अकरावी संपली की साधारण १ जुलैपासून कोच आपल्या यादीतल्या मोजक्या मुलींची कागदपत्रं ॲडमिशनवाल्यांकडे नेते आणि ते आधीच सांगतात, की ही मुलगी आमच्याकडे बसेल, काठावर आहे, किंवा नाही बसणार. कोचच्या ‘हवी आहेस’चा उपयोग तो इथे. चुरशीच्या कॉलेजांमध्ये कोचला अशा थोड्याच मुलींसाठी शब्द टाकता येतो, त्यामुळे ती तो उगाच कुणासाठी खर्च करत नाही. सगळीकडे त्या शब्दाचं वजन सारखं नसतं. एमआयटीत कोच शिफारस करू शकतो, पण जागा त्याच्या हातात नसतात. सोप्या प्रवेशाच्या कॉलेजात प्री-रीडची गरजच पडत नाही, तिथे प्रश्न फक्त संघातल्या जागेचा असतो.

प्री-रीडनंतर प्रश्न येतो, ‘अर्ली डिसिजनने अर्ज करशील का?’ इथे घाई करू नका. अर्ली डिसिजन म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं असा करार. अर्ज १ किंवा १५ नोव्हेंबरपर्यंत जातो, उत्तर डिसेंबरच्या मध्याला येतं. त्याआधी कोचला सांगून फायनान्शियल एड ऑफिसकडून मदतीचा अंदाज मागा, बरीच कॉलेजं देतात. दिलेली मदत खरोखर अपुरी असेल तर करारातून सोडतात, पण तिथवर वेळ येऊ देऊ नये. आणि डी-थ्रीत डी-वनसारखं स्कॉलरशिपचं बंधनकारक पत्र नसतं. कोचचा तोंडी शब्द हा तोंडीच. हातात प्रवेशाचं पत्र पडेपर्यंत बाकीच्या कॉलेजांशी गोडीने बोलत राहायचं.

आणखी एक. मुलीने कोचला सरळ विचारायला हवं: ‘२०२७ च्या बॅचमध्ये तुम्ही किती गार्ड घेणार? त्यांत मी कितवी?’ आपल्या मुलांना हे जड जातं. मोठ्यांना असं तोंडावर विचारायचं नाही हे आपणच त्यांच्यावर बिंबवलेलं असतं. माझ्या लेकीला एका कोचचा फोन आला तेव्हा आम्ही किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये होतो. ती गाडीत बसून बोलत होती, मी बाहेर ट्रॉली धरून उभा. काचेतून दिसत होतं, बोलता बोलता तिने डोळे मिटले, एक श्वास घेतला आणि विचारलं. पलीकडून उत्तर आलं, ‘मला दोन गार्ड हव्यात, तू सध्या चौथी आहेस.’ गाडीतून उतरली तेव्हा ती रडवेली नव्हती, उलट मोकळी झाल्यासारखी दिसत होती. त्या कोचबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. पोरीचा अख्खा उन्हाळा त्या बाईंनी वाचवला. सगळे कोच इतके स्पष्ट बोलत नाहीत, पण सरळ प्रश्नाला कुणी गोल गोल उत्तर दिलं तर तेही उत्तरच समजायचं.

रिक्रूटिंग सर्व्हिसला पैसे देऊ नका. डी-थ्रीच्या कोचचा ईमेल पत्ता कॉलेजच्या वेबसाइटवर असतो आणि मुलीने त्यांना कधीही लिहिलेलं चालतं. सर्व्हिसने पाठवलेला घाऊक ईमेल कोचला बघताक्षणी ओळखता येतो. ‘उशीर होईल’ ही भीती घालून विकण्याची पद्धत आहे. अकरावीचा एप्रिल म्हणजे डी-थ्रीसाठी अगदी वेळेवर.

ओहायोवासी_आई:

नाशिककर, किती मनापासून लिहिलंत, खूप आभार. हे सगळं मी नवऱ्याला वाचून दाखवलं. डेटनकर, तुमचंही पटतं, म्हणून कॅल्क्युलेटरचं काम या रविवारी करतोच आहोत.

दोन शंका आहेत. कोचला ईमेल मी लिहून दिला तर चालेल ना? तिची वाक्यं फारच तुटक असतात. आणि आम्ही दर डिसेंबरला भारतात जातो. कॉलेजात खेळायला लागल्यावर ते जमतं का? पुढच्या दोन-तीन वर्षांत घरात लग्नं आहेत.

नाशिककर_इंडियाना:

ईमेल तिलाच लिहू द्या, तुटक असला तरी. आई-वडिलांनी लिहिलेला ईमेल वाचणाऱ्याला कळतो. शिवाय कोचला चार वर्षं जिच्याशी बोलायचंय ती कशी बोलते हेच बघायचं असतं. विषयाच्या ओळीत सगळं आलं पाहिजे, माझ्या लेकीच्या ईमेलला असं असायचं: ‘२०२३, गार्ड, ५ फूट ५, जीपीए ३.९, इंडियाना.’ आत चार-पाच ओळी पुरतात. तुमच्या कॉलेजात मला काय शिकायचंय, तुमचा कुठला सामना मी पाहिला, जुलैत आमचा संघ कुठे आणि कुठल्या कोर्टवर खेळणार आहे, शाळेच्या आणि एएयूच्या कोचचा फोन नंबर. खाली व्हिडिओची लिंक.

व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचा, त्यात सगळ्यात चांगले क्षण सुरुवातीलाच. जर्सीचा रंग आणि नंबर आधी दाखवा, म्हणजे शोधत बसावं लागत नाही. संगीत वगैरे घालण्यात वेळ घालवू नका. नुसते तीन-पॉइंटर जोडू नका. गार्ड असेल तर डाव्या हाताने ड्राइव्ह, दबावाखाली चेंडू पुढे नेणं, बचावात पाय कसे हलतात, हे दिसू द्या. याच्या जोडीला एका पूर्ण सामन्याचा व्हिडिओ तयार ठेवा. ज्या कोचला खरंच रस आहे ती तो मागतेच.

जुलैत लुइव्हिलला एक्स्पोझिशन सेंटरमध्ये मुलींच्या मोठ्या स्पर्धा होतात, तुमचा संघ जात असेल तर बघालच. एका छताखाली रांगेने कोर्ट, शिट्ट्या एकमेकींत मिसळतात, आणि कडेच्या घडीच्या खुर्च्यांवर कॉलेजचे टी-शर्ट घातलेले कोच. त्यांच्या मांडीवर आयोजकांकडून विकत घेतलेलं जाडजूड बाड असतं, प्रत्येक संघाचं एक पान: नंबर, उंची, बॅचचं वर्ष, जीपीए. आपल्या मुलीचं पान बरोबर छापलंय ना ते एएयूच्या कोचला आधीच तपासायला सांगा. एका सामन्यात मी एका कोचच्या बरोबर मागे बसलो होतो. ती ज्या मुलीला बघायला आली होती तिला बदलून बाहेर बसवलं, तरी कोचची नजर खेळाकडे वळली नाही, ती बाकाकडेच बघत राहिली. ती मुलगी टॉवेल डोक्यावर घेऊन बसते की आत गेलेल्या मैत्रिणीला ओरडून काही सांगते, हे बघत होती. नंतर पेनाने बाडात काहीतरी लिहिलं. तुमच्या लेकीला हे जरूर सांगा.

डिसेंबरचं खरं ते सांगतो: भारतात जाणं जवळजवळ बंद होतं. ऑक्टोबरच्या मध्याला सराव सुरू होतो, नोव्हेंबरात सामने, फेब्रुवारीअखेर कॉन्फरन्सची स्पर्धा, पुढे गेलात तर मार्च. नाताळला थोडे दिवस घरी सोडतात आणि नव्या वर्षाच्या आसपास, काही ठिकाणी त्याआधीच, परत बोलावतात. तेवढ्यात नाशिकला जाऊन येणं होत नाही. आम्ही आता मे-जूनच्या उकाड्यात जातो. आजी-आजोबांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. माझ्या आईला ते फार लागलं. मग लेकीने तिला कॉलेजच्या थेट प्रक्षेपणाची लिंक पाठवली. सामना संध्याकाळी सातचा असला की नाशिकला पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. आई चहा घेऊन बसते.

शेवटचं म्हणजे गुडघा. मुलींमध्ये एसीएल हा गुडघ्यातला अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त आहे. लेकीच्या संघातल्या एकीचं पहिल्याच वर्षी झालं, वर्ष गेलं. खेळ बंद पडला तरी या कॉलेजात राहायला आवडेल का, बायॉलॉजीच्या लॅब चांगल्या आहेत का, हे प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे बघा.

बस_सीट_१२:

मी पेन्सिल्वेनियात एका छोट्या कॉलेजात खेळते, दुसरं वर्ष. आईने हा धागा पाठवला म्हणून लिहितेय. मराठी शाळेत शिकलेली मराठी आहे, समजून घ्या.

काकू, एक गोष्ट कुणी सांगत नाही. कॉलेजच्या वेबसाइटवर जुन्या वर्षांचे रोस्टर, म्हणजे संघातल्या मुलींच्या याद्या, असतात. तीन वर्षांपूर्वीचं उघडा, त्यात पहिल्या वर्षाच्या मुली किती होत्या ते बघा. मग या वर्षीचं उघडा आणि त्यांतल्या किती शेवटच्या वर्षापर्यंत टिकल्या ते बघा. सहा आल्या आणि एकच राहिली असेल तर कोचला कारण विचारायलाच हवं. कधी कारण साधं असतं, मेडिकलचा अभ्यास, परदेशात सेमिस्टर. कधी नसतं. काही कोच दरवर्षी आठ-नऊ मुली आणतात, कारण स्कॉलरशिप द्यायची नसते आणि कॉलेजलाही विद्यार्थी हवे असतात. मग खेळायला मिळत नाही आणि मुली आपोआप गळतात.

भेटीला गेलात की तिला एक रात्र संघाच्या मुलींबरोबर हॉस्टेलवर राहू द्या. तुम्ही हॉटेलवर राहा. कोच समोर नसताना मुली जे बोलतात ते खरं. माझ्या भेटीत मी जेवताना विचारलं, ‘बाहेर बसवलेल्या मुलींशी कोच बोलते का?’ टेबलावर तिघीजणी एकदम ‘हो’ म्हणाल्या आणि लगेच उदाहरणं सांगायला लागल्या. मी तिथेच ठरवलं.

बायॉलॉजीचं: दुपारच्या लॅब आणि सराव यांची वेळ एकमेकांवर येते. आमच्याकडे कोच लॅबला सोडते, सरावाला उशिरा आलं तर चालतं. हे प्रत्येक कॉलेजात विचारा, आणि कोचला नाही, विज्ञान शिकणाऱ्या खेळाडूला विचारा. पहिल्या वर्षी मी बहुतेक जेव्हीचेच, म्हणजे दुय्यम संघाचे, सामने खेळले. बुधवार-शनिवार सामने, परतीच्या बसमध्ये ऑरगॅनिक केमिस्ट्री. दमायला होतं, पण मला हे आयुष्य मनापासून आवडतं. संघातल्या मुली माझ्या घरच्यासारख्या झाल्या आहेत.

धरमपेठ_नागपूर:

चांगला धागा. माझा मुलगा नागपुरात क्लबकडून खेळतो, राज्य पातळीवर खेळून झालंय, आता बारावीला आहे. भारतातून थेट अशा कॉलेजात जाता येतं का? खेळावर पैसे मिळतील अशी काही सोय?

नाशिककर_इंडियाना:

जाता येतं, पण डी-थ्रीत त्याच्या खेळावर पैसे मिळणार नाहीत. परदेशी विद्यार्थ्यांना घरच्या परिस्थितीनुसार पूर्ण मदत देणारी आणि प्रवेश देताना पैशाची अडचण आड न आणणारी कॉलेजं फार थोडी आहेत. ॲमहर्स्ट आणि बोडन ही त्यातली, आणि दोन्हीकडे प्रवेश मिळणं अतिशय अवघड. खेळावर पैसे हवे असतील तर डी-वन, डी-टू, दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं, आणि एनएआयए नावाची वेगळी संघटना आहे, तिच्यातली छोटी कॉलेजं बघा. आपल्या मुली गेल्या आहेत या वाटेने. २०१० मध्ये भारतातून काही मुलं-मुली स्कॉलरशिपवर फ्लोरिडाच्या आयएमजी या क्रीडा अकादमीत गेली, पुढे एनबीएच्या संघाने निवडलेला सतनाम सिंग त्यांच्यातलाच. त्याच तुकडीतली कविता अकुला पुढे ॲरिझोनात ग्रँड कॅनियन युनिव्हर्सिटीकडून डी-वन खेळली, आणि बरखा सोनकर केंटकीच्या लिंडसे विल्सन या छोट्या एनएआयए कॉलेजकडून.

भारतातून सगळ्यात मोठी अडचण म्हणजे कोचला मुलगा दिसत नाही. म्हणून पूर्ण सामन्यांचं चित्रीकरण हवं, स्टँडच्या वरच्या पायरीवरून, अख्खं कोर्ट दिसेल असं, आणि प्रतिस्पर्धी तगडा हवा. बारावीनंतर एखाद-दोन वर्षं तिथेच भारतात स्पर्धा खेळत राहिला तर कॉलेजात खेळण्याची वर्षं कमी होऊ शकतात, आणि पैसे घेऊन खेळला तर हौशी खेळाडू म्हणून असलेली पात्रता अडचणीत येऊ शकते. त्यामुळे कुठलाही करार करण्याआधी नियम वाचा.

ओहायोवासी_आई:

कळवायचं राहिलं होतं. रविवारी आकडे काढले. यादीतली दोन कॉलेजं सरळ खोडली, आम्हाला कितीही वाटलं तरी परवडणार नाहीत. दोन मात्र मेरिट धरून ओहायो स्टेटच्या बरीच जवळ येतायत. नवरा काही बोलला नाही, पण रात्री त्यातल्या एका कॉलेजचा जुना सामना लावून बसला होता.

लेकीने त्या असिस्टंट कोचला सरळ विचारलं. त्या तीन गार्ड घेणार आहेत, ही सध्या दुसरी-तिसरी आहे, आणि ट्रान्सक्रिप्ट जूनमध्ये शाळा संपली की लगेच पाठव म्हणाल्या. पूर्ण सामन्याचा व्हिडिओही मागितलाय. तिचा सगळ्यात चांगला खेळ झालेला सामना आम्ही ११ गुणांनी हरलो होतो. जिंकलेला दुसरा आहे, पण समोरचा संघ कच्चा होता. कुठला पाठवू?

नाशिककर_इंडियाना:

हरलेला पाठवा. आणि चौथा क्वार्टर कापू नका.